शार्फेनश्टाइनहून आलेला गॅस

अलीकडे घेतलेला फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढला, तर मागे खाली कॉम्प्रेसर दिसतो. त्यावर बहुतेक वेळा पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असतं आणि लेबलवर गॅसचं नाव असतं: आर-६००ए. म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. फ्रिजमध्ये तो असतो साधारण पन्नास-साठ ग्रॅम. एवढासा गॅस घरोघरी पोहोचायला एक पर्यावरण संघटना, एक बुडता कारखाना आणि तीन-चार देशांची सरकारं कामाला लागली होती.

१९८७च्या माँट्रियल कराराने फ्रिजमध्ये वापरले जाणारे, ओझोनचा थर विरळ करणारे सीएफसी गॅस टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. त्यांच्या जागी रसायन कंपन्यांनी एचएफसी-१३४ए पुढे केला. तो ओझोनला हात लावत नाही. मात्र हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट भारी. आगीतून निघून फुफाट्यात पडण्यातलाच प्रकार.

ग्रीनपीस ही पर्यावरण संघटना तेव्हा या दोन्ही गॅसांविरुद्ध मोहीम चालवत होती. पण ‘हे नको’ म्हटलं की ‘मग काय वापरायचं?’ हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर डॉर्टमुंडच्या आरोग्यशास्त्र संस्थेत होतं. तिथल्या संशोधकांनी प्रोपेन आणि ब्युटेनच्या मिश्रणावर फ्रिज चालवून दाखवला होता. मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. तयार झाला तो पूर्व जर्मनीतला, सॅक्सनीतल्या शार्फेनश्टाइन गावचा जुना सरकारी कारखाना, जो पुढे फोरॉन नावाने ओळखला गेला. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडचे कारखाने विकायला किंवा मोडीत काढायला नेमलेली ‘ट्रॉयहांट’ ही संस्था त्याला टाळं ठोकायच्या बेतात होती.

१९९२ मध्ये ग्रीनपीसने या कारखान्याला दहा फ्रिजची ऑर्डर दिली आणि पैसे मोजले. मोहिमा करणारी संघटना गिऱ्हाईक म्हणून दारात उभी राहिली, हे या कथेतलं सगळ्यात मोलाचं पाऊल आहे. फ्रिज चालतो हे दिसल्यावर संघटनेने लोकांना आगाऊ मागणी नोंदवायचं आवाहन केलं आणि सुमारे ७०,००० मागण्या जमल्या. एवढं गिऱ्हाईक समोर असताना टाळं लावणं अवघड झालं. कारखाना तगला. ‘हा फ्रिज भडकेल’ असं विक्रेत्यांना बजावणाऱ्या मोठ्या जर्मन कंपन्यांनी १९९३ मध्ये त्याच जातीचे गॅस वापरून स्वतःचे फ्रिज आणले.

ग्रीनपीसने या तंत्राचं पेटंट घेतलं नाही. ‘ग्रीनफ्रीझ’ नावाचा हा फ्रिज कुणीही बनवावा, कुठेही बनवावा. म्हणूनच हे तंत्र चीनपर्यंत इतक्या लवकर पोहोचलं. फोरॉनला मात्र हा मोकळेपणा पेलला नाही. धनदांडग्या स्पर्धकांपुढे १९९६ मध्ये तिचं दिवाळं निघालं. ज्यांनी वाट पाडली त्यांनाच ती चालता आली नाही, याची हळहळ वाटते.

भारतात हा गॅस आला तो सरकारांच्या हाताने. स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या मदतीने ‘इकोफ्रिग’ प्रकल्प उभा राहिला. त्यात दिल्लीची आयआयटी होती आणि मुंबईच्या गोदरेज व व्होल्टास या कंपन्याही. पुढे गोदरेजने आपले फ्रिज ब्युटेन-प्रोपेनसारख्या हायड्रोकार्बनवर नेले आणि २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारा एसीही बाजारात आणला.

शीतपेयांच्या दुकानी फ्रिजचं प्रकरण वेगळ्या वळणाने गेलं. २०००च्या सिडनी ऑलिंपिकच्या आधी ग्रीनपीसने कोका-कोलाला एचएफसीवरून जाहीर धारेवर धरलं. कंपनीने नव्या यंत्रांतून तो गॅस काढायचं कबूल केलं. २००४ मध्ये कोका-कोला, युनिलिव्हर आणि मॅकडोनल्ड्स यांनी फ्रिजमध्ये नैसर्गिक गॅस वापरण्यासाठी एकत्र उपक्रम सुरू केला, तेव्हा त्यांच्या पाठीशी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाबरोबर तीच ग्रीनपीस उभी होती. काल भांडलो म्हणून आज एका टेबलाशी बसायचं नाही, असं तिने केलं नाही. हे शहाणपण आपल्याकडच्या संघटनांनी आणि कंपन्यांनीही घ्यावं.

कायद्याचं पाऊल मागून पडलं. अमेरिकेने घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेनला २०११ अखेर परवानगी दिली, तीही ५७ ग्रॅमच्या मर्यादेत. एचएफसी कमी करण्याचा जागतिक करार २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे झाला. भारताने तो २०२१ मध्ये स्वीकारला; त्यानुसार २०४७ पर्यंत आपला एचएफसीचा वापर ८५ टक्क्यांनी खाली यायचा आहे.

करार कागदावर होतात, गॅस मात्र मेकॅनिक भरतो. ‘इकोफ्रिग’च्या पाठोपाठ स्वित्झर्लंड-जर्मनीच्याच साह्याने भारतात गल्लोगल्लीच्या फ्रिज-मेकॅनिकांसाठी प्रशिक्षण सुरू झालं, ते यामुळेच. जुना गॅस गेजवर नजर ठेवून अंदाजाने भरला तरी निभायचं. इथे छोट्या डिजिटल काट्यावर बाटली ठेवून एकेक ग्रॅम मोजावा लागतो. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी थंडावा बिघडतो. नळी झाळायच्या आधी आतला गॅस बाहेर मोकळ्या हवेत सोडायचा, खिडक्या उघडायच्या, पेटती बिडी दाराबाहेर ठेवायची. मगच टॉर्च पेटवायचा.