पहिला व्हिडिओ करताना : आधी आवाज, मग चित्र



गणपती, हळदीकुंकू, लग्नकार्य यांचे व्हिडिओ आज घरोघरी मोबाइलमध्ये पडून आहेत. पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे दहा मिनिटे सलग बोलणे किती जणांनी जपून ठेवले आहे?

भरवेली म्हणजे मँगनीजची खाण. आपल्यापैकी अनेक घरांची इथली सुरुवात खाणीतल्या कामापासूनच झाली. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. त्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला. मुले हिंदीत शिकली. वैनगंगेकाठची, थोडी झाडीपट्टीच्या वळणाची, थोडी हिंदी मिसळलेली आपली मराठी आता आजी-आबाजींच्या तोंडूनच जास्त ऐकू येते. ती पुस्तकात सापडत नाही. व्हिडिओ शिकायचाच आहे, तर सुरुवात इथून करावी.

जमेल का, अशी शंका वाटत असेल तर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचे उदाहरण घ्या. नातू यश पाठक याने त्यांच्या घरगुती स्वयंपाकाचे व्हिडिओ काढले आणि ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल २०२० मध्ये लाखो लोकांपर्यंत पोचले. आजींना कॅमेऱ्याची सवय नव्हती. लोकांना आवडले ते त्यांचे साधे, घरातले बोलणे.

रेकॉर्डिंगची तयारी

चित्र थोडे हलले तरी लोक पाहतात. आवाज नीट नसेल तर दोन मिनिटांत बंद करतात. म्हणून पंखा, कूलर, टीव्ही बंद करा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गादी, पडदे, कपडे असलेली खोली बरी. मोबाइल बोलणाऱ्यापासून हातभर-दोन हात अंतरावर असावा. तारेचा साधा कॉलर माइक मिळाला तर उत्तमच. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून इयरफोन लावून ऐका, मगच पुढे जा.

बोलणाऱ्याचे तोंड खिडकीकडे असावे, पाठ नाही. नाहीतर चेहरा काळा येतो. लेन्स मऊ कापडाने पुसा, मागचा कॅमेरा वापरा, मोबाइल आडवा धरा. स्टँड नसेल तर डब्यांच्या उतरंडीला टेकवा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे मध्येच फोन येणार नाही. १०८० पिक्सेलच्या रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी जागा लागते, तेव्हा आधी जागा मोकळी करा.

काय विचारावे

“खाणीबद्दल सांगा” म्हटले की माणूस गप्प होतो. “आबाजी, तुम्ही भरवेलीला पहिल्यांदा कधी आले? सोबत कोण होतं? पहिल्या पाळीला डब्यात काय नेलं होतं?” असे विचारले की बोलणे सुरू होते. मध्ये तोडू नका. शब्द चुकला म्हणून सुधारू नका. तो शब्दच तर जपायचा आहे. खाणीच्या आवारात मात्र परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये.

एडिटिंग

पहिल्या खेपेला तीनच गोष्टी शिका : सुरुवातीचा-शेवटचा नको तो भाग कापणे, मधला अडखळलेला तुकडा काढणे आणि नाव-गाव-तारीख लिहिणे. इनशॉट किंवा काइनमास्टर यांसारख्या ॲपवर हे मोबाइलवरच होते. फुकटच्या आवृत्तीत कोपऱ्यात त्यांचे नाव दिसू शकते, त्याने काही बिघडत नाही. मागे सिनेमाचे गाणे लावू नका. कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. संगीत हवेच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत मिळते, पण बोलण्याखाली ते अगदी मंद ठेवा. जमल्यास खाली मराठी ओळी द्या. परगावी वाढलेल्या नातवंडांना बोली समजायला मदत होते.

टाकण्याआधी

ज्यांचा व्हिडिओ आहे त्यांना तो पूर्ण दाखवा आणि विचारा. बोलण्याच्या भरात नातलगांची भांडणे, जमिनीचे वाद निघतात. ते सगळ्या जगासाठी नसतात. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ पर्याय निवडला तर ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांनाच व्हिडिओ दिसतो. कुटुंबापुरता तोच ठीक. पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकायचा तर आधी फोन नंबरची पडताळणी करावी लागते.

खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावा आणि ओटीपी कोणालाही सांगू नका. वर सांगितलेले ‘आपली आजी’ चॅनेलही २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक झाले होते. ते परत मिळाले, पण प्रत्येकाचे तसे होईलच असे नाही. म्हणून मूळ फाइल निदान दोन ठिकाणी ठेवा, जसे पेनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर व्हिडिओचा दर्जा उतरतो.

पहिला व्हिडिओ पाच मिनिटांचाच असू द्या. येत्या सुटीत मुले-नातवंडे घरी आली की मोबाइल त्यांच्या हाती द्या आणि प्रश्नही त्यांनाच विचारू द्या. आजी आपल्या मुलासमोर जे सांगत नाही, ते नातवाला हमखास सांगते.