छळणाऱ्याला हवे असतात हसणारे

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. काही मुलं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. फडावर गेलेली मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततात तेव्हा अभ्यास मागे पडलेला असतो, आणि वर्गातली मैत्रीही विस्कटलेली असते. या दुसऱ्या नुकसानाबद्दल आपण फार कमी बोलतो; मित्र नसलेलं मूल वर्गातल्या छळाला सहज सापडतं.

मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी 1970च्या दशकात स्वीडनमध्ये शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. मुद्दाम, वारंवार आणि आपल्याहून दुबळ्याला दिलेला त्रास म्हणजे छळ, ही त्यांची व्याख्या आजही वापरतात. बरोबरीच्या दोघांची मारामारी वेगळी. एकट्या पोराला जातीवरून, मळक्या गणवेशावरून रोज टोचणं वेगळं.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये साऱ्या वर्गाकडेच पाहिलं. कुणी छळणाऱ्याला साथ देतं, कुणी हसतं, बरेच जण गप्प राहतात. छळणाऱ्याला हवी असते वर्गातली पत, आणि ती हे हसणारेच देतात! म्हणून साल्मिवाल्ली यांच्या ‘किवा’ या छळविरोधी कार्यक्रमात सगळ्या वर्गालाच बोलतं केलं जातं. फिनलंडमधल्या मोठ्या चाचणीत त्यामुळे छळ घटला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या क्षेत्रातला एक साधा निष्कर्ष: एक जरी जिवलग मित्र असला, तरी छळाची झळ कमी होते. गुरुजी, बाई, फडावरून परतलेल्या मुलाला मागच्या बाकावर एकटं बसवू नका. त्याच्या शेजारी कोण बसणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.