पैशाच्या वाटा खुल्या, किल्ली खातेदाराकडेच

नाशिक रोड येथील मुद्रणालयात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जात आहेत. त्याच नगरात, गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटीत, रामकुंडाजवळचा फुलविक्रेताही आता क्यूआर कोड दाखवून पैसे स्वीकारतो. ग्राहकाचे ॲप एका कंपनीचे, खाते एका बँकेत आणि विक्रेत्याचे खाते भलत्याच बँकेत असले, तरी रक्कम काही क्षणांत जमा होते.

रिझर्व्ह बँक व भारतीय बँक संघ यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्याने एप्रिल २०१६ मध्ये ‘यूपीआय’ ही सामाईक व्यवस्था जाहीर केली. ठराविक संगणकीय जोडणीद्वारे बँकेतर कंपन्यांनाही आपली ॲप तिला जोडता येतात. मात्र अशी जोडणी बँकेमार्फतच मिळते. ॲप बाहेरच्या कंपनीचे असले, तरी गुप्त क्रमांक टाकण्याचा पडदा कॉर्पोरेशनच्या आज्ञावलीचा असतो. तो क्रमांक सांकेतिक रूपात पुढे जात असल्याने कंपनीला वाचता येत नाही. रक्कमही एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाते.

व्यवस्थेला असे कुंपण असले, तरी खातेदाराने स्वतःच किल्ली दिल्यास त्याचा उपयोग नाही. पैसे मिळविण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही, ही गोष्ट शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घरोघरी पोहोचविणे अगत्याचे आहे. फसवणूक झाल्यास १९३० या दूरध्वनी क्रमांकावर तात्काळ कळवावे. विलंब जितका कमी, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.