खुडूक कोंबडीचं गणित

चाकण एमआयडीसीच्या कंपन्यांना खेटून असलेल्या निघोजे, महाळुंगेसारख्या गावांत घरामागचं खुराडं अजून टिकून आहे. तिथली गावरान कोंबडी एक दिवस अंडी द्यायची थांबते, जागा सोडत नाही, हात पुढे केला की पिसं फुलवून चोच मारते. ती खुडूक झालेली असते.

हा प्रताप मेंदूतल्या पीयूष ग्रंथीतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिनचा. पोटाची पिसं झडतात, उघड्या कातडीत रक्तप्रवाह वाढतो आणि ऊब थेट अंड्यांना मिळते. व्हाइट लेगहॉर्नमध्ये पिढ्यानपिढ्या निवड करून खुडूकपणा जवळजवळ घालवला गेला. बसून राहणारी कोंबडी अंडी देत नाही, एवढाच तिचा गुन्हा.

खुडूक कोंबडीला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवताना डालग्यात कोरडं गवत आणि दहा-बारा ताजी अंडी पुरेत. जास्त ठेवण्याचा लोभ नडतो, कडेची अंडी गार पडतात. कोंबडी चोचीने ती सतत फिरवते, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चसमोर अंडं धरा: जिवंत गर्भाभोवती तांबड्या शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसतं, नुसतं स्वच्छ दिसलं तर त्यात गर्भ नाही.

एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू कवच फोडतं. त्याआधीच उरलेला बलक पोटात ओढून घेतल्यामुळे ते दोनेक दिवस उपाशी तग धरतं. हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून लांबवर पाठवता येतात, ती याच शिदोरीवर.