डिस्कची यादी कोरी दिसली तर

लॅपटॉपवर नव्याने विंडोज टाकावयास बसलेल्या गृहस्थास, साऱ्या अटी मान्य करून पुढे जाताच, जेथे डिस्कची यादी असावयाची तेथे कोरी चौकट दिसली, म्हणजे डिस्क निकामी झाली असे समजून तो दुकानाची वाट धरतो. वस्तुतः इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्कचा कारभार व्हीएमडी नामक नियंत्रकाकडे सोपविलेला असतो, आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरच्या दप्तरी नसल्यास धडधाकट डिस्कही त्याच्या लेखी अस्तित्वात नसते. लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर उतरवून घ्यावा, झिप उलगडून पेनड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबून आयएनएफ फाइल असलेला फोल्डर दाखवावा. यादी बहुधा तत्काळ भरते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणे हा दुसरा मार्ग खरा, परंतु जुनी विंडोज राखावयाची असल्यास ती त्यानंतर सुरू होण्यास बहुतेक नकार देते, आणि ही तंबी सल्ला देणारे हटकून विसरतात. विंडोज इन्स्टॉलरच्या फाइली हाताने उतरवून त्याचा पेनड्राइव्ह सिद्ध करणाऱ्यांनी एवढे पाहावे, की फॅट३२ पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.