ऑफर लेटरचं दुसरं पान

गैरसमज: इंजिनिअरिंगच्या कॉम्प्युटर शाखेला नंबर लागला की पगाराची चिंता मिटली.

वस्तुस्थिती: मोठ्या आयटी कंपन्या सरसकट भरतीत नवख्या इंजिनिअरला जे पॅकेज देतात, ते गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळलं आहे. जळगाव-धुळ्यात मुलाचं पॅकेज सगळ्या गल्लीला ठाऊक असतं, ऑफर लेटरचं दुसरं पान मात्र घरातसुद्धा कुणी उलटत नाही. कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, कधी कामगिरीवर मिळणारी रक्कम हे सगळं त्या आकड्यात धरलेलं असतं. साडेतीन लाख भागिले बारा म्हणजे 29 हजार. खात्यात पडतात त्याहून कमी. त्यातून पुण्यातलं कॉट बेसिसचं भाडं आणि मेस वजा करा, मग बोला. पुढे पगार झपाट्याने वाढतो हे खरं, पण ज्याचं काम चांगलं त्याचा.

गैरसमज: खान्देशात मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिलला काम कुठंय?

वस्तुस्थिती: दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, भुसावळचा रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीचा कारखाना, वरणगावची आयुध निर्माणी, जळगावचे ठिबक, पाइप आणि चटयांचे कारखाने, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या. काम आहे. खासगीत सुरुवातीचा पगार बेताचाच, पण घरचं जेवण आणि बिनभाड्याची खोली हीसुद्धा मिळकतच. सरकारी कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी 38,600 रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता. जागा थोड्या, अर्ज ढीगभर.

गैरसमज: आवड असली की पैसा आपोआप येतो.

वस्तुस्थिती: येतोच असं नाही. आणि बारावीच्या मुलाची आवड पारखलेली तरी कुठे असते? मोबाइलवर गेम खेळणं म्हणजे कोडिंगची आवड नव्हे. अडलेला प्रोग्रॅम घेऊन दोन तास बसवतं का? शेतातली मोटर जळली तर ती उघडून बघावीशी वाटते का? पवनचक्कीच्या मनोऱ्यावर शिडीने चढायचं म्हटल्यावर पाय लटपटतात का? सुट्टीत एखाद्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर उभं राहिलं तरी बरंच कळतं.

हे सगळं प्रवेशाआधी करायला हवं, कारण कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला की तो आपोआप फ्रीज होतो आणि पुढच्या फेऱ्या बंद. त्या पहिल्या नंबरावर कॉम्प्युटर टाकायचं की मेकॅनिकल, हे सायबर कॅफेवाल्या भाऊला विचारू नका.