गाडीचा धूर गेला कुठे?

गेल्या महिन्यात ओळखीचा एक रिक्षावाला दवाखान्यात आला. पंधरा वर्षे डिझेलचा ऑटो चालवला आणि खोकला मागे लागला. आता त्याने बॅटरीची रिक्षा घेतली आहे. छाती तपासून झाल्यावर म्हणाला, "डाक्टरसाहेब, आता तं माही गाडी धूरच सोडत नाही. चांगलं केलं ना मी?"

चांगलेच केले. डिझेलच्या काजळीचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली हा धूर कर्करोगकारक ठरवला. तो दिवसभर नाकापुढे घेण्यापेक्षा बॅटरी केव्हाही बरी.

पण गाडी धूर सोडत नाही म्हणजे धूर झालाच नाही, असे नव्हे. चंद्रपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. दुर्गापूरचे महाऔष्णिक वीज केंद्र कोळशावर चालते. कोळशापासून एक युनिट वीज करायला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळतो, जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि राख मागे उरते. खाणीची धूळ वेगळीच. म्हणून हिशेब खाणीपासून चाकापर्यंत करावा लागतो. पेट्रोलचाही तसाच. तेल उपसणे, शुद्ध करणे, टँकरने गडचिरोलीपर्यंत आणणे, यातही इंधन जळतेच.

आता ढोबळ आकडे पाहा. हा सगळा प्रवास धरला तर पेट्रोलची स्कूटर एका किलोमीटरला सुमारे ६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. निव्वळ कोळशाच्या विजेवरची स्कूटर, बॅटरी बनवण्याचा खर्च धरूनही, ४० ते ४५ ग्रॅम. आणि चाळीस प्रवाशांनी भरलेली डिझेलची एस. टी.? माणशी २० ग्रॅमपेक्षाही कमी! म्हणजे इंधन कोणते, याइतकेच गाडीत माणसे किती, हेही महत्त्वाचे.

मग आपण काय करावे?

१. अहेरी, सिरोंचाहून येताना शक्य तेथे एस. टी.नेच या.

२. एक-दोन किलोमीटर पायी किंवा सायकलने जा. मधुमेह आणि रक्तदाबालाही ते हिताचे.

३. फाटकापाशी, चौकात गाडी उभी असेल तर इंजिन बंद करा.

४. घरावर सौर पॅनेल असेल तर बॅटरी दिवसा चार्ज करा.

५. पुष्कळ ई-रिक्षांच्या बॅटरीत शिसे असते. जुनी बॅटरी घरी फोडू नका, विक्रेत्याला परत द्या. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक खोकल्याचे खापर धुरावर फोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तपासणी मोफत होते. रिक्षावाल्यालाही मी आधी तिकडेच पाठवले. जाताना त्याला एवढेच सांगितले, "गाडीचा धूर सुटला, आता बिडीचाही सोड."